वाळवंटातले हत्ती: नामिबियाचे आणि मालीचे

दोन्हीकडचे हत्ती आफ्रिकी सॅव्हाना (गवताळ प्रदेशातल्या) हत्तींच्या जातीचेच, वेगळी जात नव्हे. नामिबियात होआनिब, उगाब या नद्यांची पात्रं बहुतेक वर्षभर कोरडी असतात. तिथले हत्ती सोंडेने आणि पायांनी वाळू उकरून झरे काढतात, आना झाडाच्या शेंगा खातात, काही दिवस पाण्यावाचूनही काढतात. त्यांच्या झऱ्यांवर इतर प्राणीही तहान भागवतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

मालीतल्या गुर्मा या प्रदेशातले हत्ती पाण्यामागे चालतात. वर्षाकाठी शेकडो किलोमीटरचा फेरा. ऐन उन्हाळ्यात भिस्त बान्झेना तळ्यावर, आणि तिथे गुरांचीही गर्दी. २००९च्या दुष्काळात तेही आटलं. २०१२पासून सशस्त्र संघर्ष, पाठोपाठ हस्तिदंतासाठी शिकार. म्हणून मला जास्त काळजी गुर्माच्या कळपाची वाटते.