बीपी, मधुमेह, स्टेंट आणि परदेशवारी: प्रवास विमा वापरल्यानंतरचा अनुभव

वडोदऱ्यातून मुलांकडे अमेरिका-कॅनडाला जाणाऱ्या आई-बाबांच्या औषधांच्या डब्यात टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन नाहीतर क्लोपिडोग्रेल बहुधा असतेच. अशाच दोघांसाठी घेतलेल्या भारतीय प्रवास पॉलिसीचा हा अनुभव. एकाला रक्तदाब आणि मधुमेह, दुसऱ्याला जुना स्टेंट, मुक्काम अमेरिकेत काही महिने. ‘पूर्वीचे आजार समाविष्ट’ असे पहिल्याच पानावर छापलेले होते. कंपनीचे नाव देत नाही, कारण अशा अटी अनेक कंपन्यांच्या पॉलिसीत असतात.

पॉलिसी घेण्याजोगी आहे, पण एजंट सांगतो तेवढा भरवसा तिच्यावर टाकू नये. विमा रक्कम १ लाख डॉलर. पूर्वीच्या आजारासाठी मात्र त्यातले १० टक्के, म्हणजे १० हजार डॉलर. तेही जिवावर बेतणारी आणीबाणी असेल तरच, आणि रुग्ण स्थिर होईपर्यंतच. हे ‘स्थिर होईपर्यंत’ नीट समजून घ्या. हृदयविकाराचा झटका आला तर तातडीचे उपचार मिळतील. डॉक्टरांनी ‘आता विमानप्रवास करू शकतात’ असे लिहिले, की पुढच्या तपासण्या, ठरवून करायची अँजिओग्राफी, फेरतपासणी हा सगळा खर्च आपला. साखर वाढली म्हणून डॉक्टरांना दाखवणे, गोळ्या संपल्या म्हणून नवी चिठ्ठी घेणे, यातले काहीच मिळत नाही. अमेरिकेत आयसीयूत दोन-चार दिवस काढावे लागले तर १० हजार डॉलर पुरत नाहीत, हे गृहीत धरूनच हिशेब करावा.

खरा वाद होतो तो कारणावरून. रक्तदाब असलेल्याला पक्षाघात झाला, तर कंपनी तो जुन्या आजाराचाच परिणाम मानते आणि छोटी मर्यादा लावते. चक्कर येऊन पडल्यामुळे हाड मोडले, तर तो अपघात की आजार, यावर पत्रव्यवहार चालतो. अशा वेळी आपत्कालीन विभागात पहिल्या काही मिनिटांत लिहिलेला पूर्वेतिहास निर्णायक ठरतो. तिथे काहीही लपवू नका, उपचारासाठी ते लागतेच. पण अंदाजाने बोलू नका. ‘बीपी असेल दहा-पंधरा वर्षांपासून’ हे घाईत म्हटलेले वाक्य जसेच्या तसे नोंदीत जाते. अर्जात निदानाचे वर्ष वेगळे असेल, तर माहिती दडवल्याचा आक्षेप तिथूनच सुरू होतो.

म्हणून निघण्यापूर्वी फॅमिली डॉक्टरांकडून एका पानाचा इंग्रजी गोषवारा घ्या. रावपुऱ्यातल्या किंवा दांडिया बाजारातल्या दवाखान्याची हाताने लिहिलेली चिठ्ठी, त्यावर गोळी कधी घ्यायची ते गुजरातीत, अशा कागदाचा परदेशात उपयोग होत नाही. लेटरहेडवर टाइप केलेले हवे: प्रत्येक आजाराचे निदान कोणत्या वर्षी झाले, औषधांची मूळ रासायनिक नावे आणि मिलिग्रॅम, शेवटचे एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), शेवटचा ईसीजी किंवा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), स्टेंट कधी आणि कोणत्या धमनीत बसवला. आपल्याकडची ब्रँडनावे तिथल्या डॉक्टरांना कळत नाहीत. हेच पान अर्ज भरताना समोर ठेवा, म्हणजे दोन्हीकडे तारखा एकच राहतात.

अर्जाबद्दल कळकळीने सांगावेसे वाटते. तिकिटासोबत विमा काढून देणारे कित्येक एजंट आरोग्याच्या सगळ्या प्रश्नांपुढे ‘नाही’ अशी खूण करून मोकळे होतात. हप्ता कमी येतो, घरचे खूश होतात, आणि दावा करायची वेळ आली की तो पुरताच नाकारला जाऊ शकतो. पॉलिसीची पीडीएफ आली की आजारांचा रकाना त्याच दिवशी वाचा आणि चूक असेल तर निघण्याआधी लेखी दुरुस्ती करून घ्या.

कॅनडाची गोष्ट वेगळी. सुपर व्हिसासाठी, म्हणजे तिथे स्थायिक मुलांकडे दीर्घ मुक्कामाला जाणाऱ्या आई-वडिलांच्या व्हिसासाठी, किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा, एक वर्षाचा आरोग्य विमा लागतो. तिथल्या पॉलिसीत ‘स्थिरतेचा काळ’ असतो, म्हणजे पॉलिसी सुरू होण्याआधी आजार आणि औषधे न बदलता राहायला हवीत असा काळ, साधारणपणे ९० ते १८० दिवस. या काळात डोस वाढवला तरच नव्हे, बऱ्याच पॉलिसींत कमी केला तरी आजार अस्थिर धरला जातो. आपल्याकडे निघायच्या महिनाभर आधी संपूर्ण तपासणी करून घेतात आणि डॉक्टर एखादी गोळी बदलतात, तिथेच संरक्षण निसटते. तपासणी सहा-सात महिने आधी करा. मध्येच औषध बदलणे खरोखर गरजेचे झाले तर बदला, पण कंपनीला कळवा. विम्यासाठी उपचार लांबवू नयेत.

युरोपातल्या बऱ्याच देशांना एकत्र चालणाऱ्या शेंगेन व्हिसाला ३० हजार युरोचे संरक्षण लागते. ती व्हिसाची किमान अट आहे. जुन्या आजाराला संरक्षण आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही.

अमेरिकेसाठी तिथलीच व्हिजिटर पॉलिसी घेणे हाही पर्याय आहे. तिच्यात जुना आजार अचानक उसळला तर संरक्षण मिळते, मात्र त्रासाची आधी काही लक्षणे दिसलेली नसावीत आणि बहुधा २४ तासांत उपचार सुरू व्हावेत, अशी अट असते. सत्तरीच्या आसपास ही सोय आटते किंवा बंद होते. साठीतल्यांनी तिचा आधी विचार करावा, कारण रुग्णालये ती सहज स्वीकारतात. बिल कितीही आले तरी प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कमच देणाऱ्या स्वस्त योजना टाळा.

दाव्याच्या बाबतीत विमा कंपनीच्या सहायता क्रमांकावरच्या लोकांनी कामे नीट केली, पण संदर्भ क्रमांक मागून घ्यावा लागला. शक्यतो दाखल होण्याआधी, नाहीतर २४ तासांत फोन करा. अमेरिकेत बिल एक येत नाही: रुग्णालय, डॉक्टर, क्ष-किरण, प्रयोगशाळा, रुग्णवाहिका, सगळ्यांची वेगवेगळी येतात, काही तर परत आल्यानंतर. पत्ता मुलांचा द्या, तपशीलवार बिल मागा, रुग्णालयाचा यूबी-०४ आणि डॉक्टरांचा सीएमएस-१५०० हे बिलाचे ठरलेले फॉर्मही घ्या. वैद्यकीय माहिती देण्याच्या संमतिपत्रावर रुग्णाची सही तिथेच घ्या. ती राहिली की रुग्णालय नोंदी देत नाही आणि दावा अडकतो.

दावा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. गुजरातसाठी कार्यालय अहमदाबादला आहे, भरपाईची मर्यादा ५० लाख रुपये, शुल्क नाही, वकील लागत नाही. नकाराचे पत्र, अर्जाची प्रत आणि डॉक्टरांचे ते एक पान सोबत जोडा.