आगीनंतरचा धुराचा वास: नऊ महिन्यांनी लिहितेय

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी, मागच्या खोलीत इन्व्हर्टरची वायर पेटली. माणसं सुखरूप. जळालं म्हणाल तर एक गादी, प्लास्टिकचं कपाट आणि पडदे, पण धूर चारही खोल्यांत फिरला. आता ऑगस्ट चाललाय. वास घालवायला काय काय केलं आणि त्यातलं काय टिकलं, ते लिहिते.

पहिली चूक पहिल्याच दिवशी. काळ्या भिंती बघवेनात म्हणून मी आणि जाऊबाई ओली फडकी घेऊन बसलो. प्लास्टिकची काजळी तेलकट, चिकट असते. ओल्या फडक्यानं ती निघाली नाही, पसरली आणि गिलाव्यात मुरली. व्हिनेगरच्या वाट्या, कापूर, उदबत्त्या हे सगळं करून झालं. चार दिवस देवळात टायर जळाल्यासारखा वास होता, बस्स.

कपडे खायच्या सोड्यात रात्रभर भिजवून तीनदा धुतले, गच्चीवर कडक उन्हात टाकले. सुती साड्या सुटल्या, आजीची वाकळसुद्धा सुटली. दुसऱ्या खोलीतली कापसाची गादी पिंजून आणली, तरी उशाशी धूरच. शेवटी टाकली. झाकण सैल असलेल्या बरणीतला वर्षाचा कांदा-लसूण मसालाही टाकला. गादीपेक्षा त्याचं दुःख जास्त झालं, खोटं कशाला बोलू.

मग एअर प्युरिफायर घेतला. पाच महिने रोज चालवला. यंत्र वाईट नाही, पण घेताना मला एक गोष्ट कळली नव्हती. त्यातला हेपा फिल्टर बारीक कण धरतो, वास हा वायू असतो आणि तो धरायला सक्रिय कोळसा लागतो. आमच्या यंत्रात कोळशाचं पान पापडाएवढं पातळ. दीड महिन्यात ते भरलं आणि यंत्रातूनच वास यायला लागला. घेणार असाल तर कोळसा किती आहे ते आधी विचारा. पाचपैकी अडीच.

ओझोनचं मशीन भाड्यानं आणलं. घर बंद करून, कुंड्या बाहेर काढून, आम्ही रात्रभर नणंदेकडे. तो वायू फुफ्फुसाला वाईट, त्यामुळे मशीन चालू असताना आत माणूस, मांजर काहीही नको, नंतरही दारं-खिडक्या भरपूर वेळ उघड्या हव्यात. भाड्यानं देणाऱ्यानं यातलं अक्षर सांगितलं नव्हतं, ते आम्हीच शोधलं. सकाळी घर कोरं वाटलं. बाराव्या दिवशी वास परत. शिवाय ओझोन रबर खातो. फ्रिजच्या दाराच्या रबराला चिरा पडल्या त्या त्यानंतरच दिसल्या. पाचपैकी एक.

डिसेंबरात कंटाळून सरळ रंग मारून घेतला. थंडीत वास गेला असं वाटलं, पाहुणेसुद्धा म्हणाले. एप्रिलमध्ये पहिला वळीव पडला आणि त्याच संध्याकाळी घर पुन्हा पाडव्याच्या रात्रीसारखं. भिंतीनं ओल धरली की आत मुरलेला वास बाहेर येतो, हे तेव्हा कळलं. नव्या रंगावर पिवळे डागही उमटले.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हा त्या बाजूनं जाताना नाकावर पदर धरायचो आणि पुढे निघायचो. घरातून कुठं पुढे निघणार?

मग फर्निचरला पॉलिश करणारे मामा भेटले. भिंतीला नाक लावून म्हणाले, "वहिनी, वास हवेत न्हाई, भित्तीत हाय. आदी कोंडाय पायजे." कोंडायचं कशानं, तर चपडीनं. लाखेची चपडी स्पिरिटमध्ये विरघळवली की जे पॉलिश होतं, तेच. परदेशात जळक्या घरांना लाखेचाच प्रायमर लावतात, हे मी नंतर वाचलं. आपल्याकडे ती सुताराच्या डब्यात पडून असते.

मे महिन्यात काम केलं. आधीचा रंग घासून उरलेली काजळी सुक्या ब्रशनं आणि व्हॅक्यूमनं काढली, मग धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यानं भिंती धुतल्या. त्यानंतर साध्या पाण्यानं दोनदा, कारण सोडा राहिला तर चपडी धरत नाही, विरघळते. चार दिवस वाळवून पातळ चपडीचे दोन हात, वर रंग. स्पिरिट भडकतं म्हणून दोन दिवस गॅस बंद, जेवण जाऊबाईंकडे. मामांनी कपाटांच्या आतलं कोरं प्लाय, दारांच्या वरच्या कडा, ड्रॉवरच्या पाठीसुद्धा सोडल्या नाहीत. पंख्याच्या पात्यांच्या वरच्या बाजूला काजळीचा थर होता, तोही तेव्हाच सापडला. सहा महिने आम्ही तीच हवा खात होतो.

जून-जुलै कोल्हापुरात कसा असतो ते सांगायला नको. पंचगंगा पात्राबाहेर, कपडे आठवडाभर दमट, भिंतीला हात लावला तर गार. वास नाही. मी मुद्दाम पहाटे, दारं बंद असताना हुंगून बघते. नाही. पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो माळ्यासाठी. मे अखेरीला पाऊस आला आणि माळा राहून गेला. दमट हवेत चपडी लावली तर पांढरी पडते म्हणून मामा दसऱ्यानंतर येणार आहेत. तोवर माळ्याचं दार बंद, फटीला चिकटपट्टी.