साडीच्या पार्सलसाठी बनवून घेतलेल्या चिकटपट्टीच्या पिशव्या: तीन ऋतू वापरल्यानंतर

घरून साड्या, ओढण्या, कुर्ते, ब्लाऊजपीस असं काहीही कुरिअरने पाठवणाऱ्यांनी हे जरूर वाचा. मी आणि माझ्या जाऊबाई इंदूरला लोकमान्य नगरातल्या घरातून महेश्वरी साड्या विकतो. माल महेश्वरच्या विणकरांकडून येतो आणि गिऱ्हाईक बहुतेक पुणे, नाशिक, नागपूरकडचं. गेल्या दिवाळीच्या आधी आम्ही बाजारातल्या तयार पिशव्या घेणं थांबवलं आणि सांवेर रोडच्या औद्योगिक भागातल्या एका छोट्या कारखान्यातून आपल्या मापाच्या पिशव्या करून घेतल्या. हिवाळा, उन्हाळा आणि बराचसा पावसाळा त्यांच्यावरून गेला आहे, म्हणून आता खात्रीने लिहिते. पिशवी घेताना सगळे गोंद किती पक्का आहे एवढंच विचारतात. माझ्या मते पिशवी चांगली की वाईट हे पट्टी कुठे बसवली आहे आणि तिच्यावरचा कागद हाताला कसा निघतो यावर ठरतं.

प्रत्येक साडीला दोन पिशव्या लागतात. आतली पारदर्शक, बीओपीपी नावाच्या कडक प्लॅस्टिकची. बाहेरची जाड, दुधी रंगाची, एलडीपीई नावाच्या मऊ प्लॅस्टिकची कुरिअर बॅग. आधी आतलीबद्दल लिहिते, कारण खरी सुधारणा तिच्यातच झाली.

तयार पिशवीत गोंदाची पट्टी फ्लॅपवर असते. कागद सोलायचा, फ्लॅप खाली दुमडायचा, झालं. बंद करताना काहीच अडचण नाही. अडचण येते ती गिऱ्हाईक पिशवी उघडतं तेव्हा. फ्लॅप उचलला की गोंद उघडा पडतो आणि साडी बाहेर काढायच्या वाटेवरच तो फ्लॅप लोंबत असतो. महेश्वरीचं पोत तलम. रेशमाचा उभा धागा, सुती आडवा, काठाला जर. एवढ्याशा गोंदाला काठ लागला तरी धागा ओढला जातो. नाशिकच्या एका ताईंनी फोटो पाठवला होता. बुगडीवर, म्हणजे दोन्ही बाजूंनी सारख्या दिसणाऱ्या काठावर, बोटभर लांब चिकट रेघ आणि तिच्यात अडकून वर आलेला जरीचा तार. साडी आम्ही बदलून दिली, पण तो फोटो पाहून फार वाईट वाटलं. विणकराने कित्येक दिवस मागावर बसून काढलेला काठ पन्नीच्या गोंदाने खराब व्हावा, हे काही बरोबर नाही.

म्हणून आम्ही पट्टी फ्लॅपवरून काढून पिशवीच्या अंगावर घेतली. तोंडाच्या जरा खाली, बाहेरच्या बाजूला. फ्लॅप कोरा. बंद करताना अंगावरच्या पट्टीचा कागद सोलायचा आणि कोरा फ्लॅप वरून दाबायचा. उघडल्यावर गोंद पिशवीच्या बाहेरच राहतो, साडीच्या वाटेत येतच नाही. कारखानदार आधी म्हणाले, "मॅडम, सबका फ्लॅप पे ही आता है." मशीनवर पट्टीची जागा बदलावी लागते, त्यात थोडा माल वाया जातो, म्हणून त्यांनी किमान ऑर्डर वाढवली. आम्ही मान्य केलं आणि ते पैसे वसूल झाले. ही मांडणी आल्यापासून गोंद लागल्याची एकही तक्रार नाही. तलम कापड, जरीकाम, भरतकाम, छापील फोटो असलं काही विकत असाल तर पट्टी अंगावरच मागा. लहान मुलांचे सुती कपडे वगैरे असतील तर फ्लॅपवरची चालेल, ती स्वस्त पडते.

आतल्या पिशवीसाठी गोंद हलका घेतला, म्हणजे उघडून पुन्हा बंद होणारा. गिऱ्हाईक साडी उघडून बघणारच, सासूला, बहिणीला दाखवणार, मग परत घालणार. तिथे पक्का गोंद कशाला? तो बाहेरच्या पिशवीला हवा.

आता पट्टीवरच्या कागदाबद्दल. त्याला कारखान्यात लायनर म्हणतात. त्याच्यावर सिलिकॉनचा थर असतो, म्हणून तो गोंदावरून सुटतो. तयार पिशवीत लायनर पारदर्शक आणि गोंदाच्या पट्टीएवढाच रुंद. पारदर्शक पिशवीवर पारदर्शक लायनर शोधायला डोळे ताणावे लागायचे आणि नखं कापलेली असली की कोपरा सुटायचाच नाही. आमच्या सासूबाई सत्तरीच्या पुढच्या आहेत, पण पॅकिंगला हौसेने बसतात. त्या दर पिशवीला चिमट्यासारखी नखं लावून कोपरा खुडत बसायच्या. नवीन पिशवीत दोन गोष्टी मागितल्या. लायनर निळा हवा, आणि तो गोंदापेक्षा एका बाजूने 3 मिलिमीटर जास्त रुंद हवा. त्या कोरड्या कडेखाली गोंद नसल्याने अंगठा सरळ आत जातो आणि एका ओढीत पट्टी निघते. सणाच्या गर्दीत पॅकिंगचा वेग वाढला तो एवढ्याशा कडेमुळे. सासूबाई आता आमच्याहून भरभर करतात.

एक मात्र सांभाळा. सोललेले लायनर फरशीवर पडू देऊ नका. सिलिकॉनची बाजू इतकी गुळगुळीत असते की पाय सटकतो, आणि घरात म्हातारं माणूस असेल तर हे गमतीवारी नेण्यासारखं नाही. आम्ही टेबलाला डबा बांधून ठेवला आहे, सोललं की थेट त्यात.

मापाचं थोडक्यात सांगते. घडीची रुंदी, तिच्यात घडीची जाडी आणि वर अर्धा इंच हा पिशवीच्या रुंदीचा हिशेब, लांबीलाही तसाच. आमची पिशवी 12 बाय 16 इंच, वर 2 इंचाचा फ्लॅप. पिशव्या किलोच्या भावाने मिळतात, म्हणून जाडी वाढली की नग कमी होतात, हे ऑर्डरच्या आधीच मांडून बघावं. जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजतात. या मापात 40 मायक्रॉनला, पट्टीचं वजन सोडून, किलोमागे 105 च्या आसपास पिशव्या बसतात आणि 50 मायक्रॉनला 84 च्या आसपास. आम्ही 50 घेतली. बीओपीपी दिसायला चकचकीत आणि कडक, पण एकदा कुठे चीर पडली की ती सरळ टोकापर्यंत जाते, आणि बाजूची शिवणही ताण आला की उसवते. 40 मध्ये जाड काठाची साडी घालताना शिवणी फाटायच्या. 50 मध्ये ते जवळजवळ थांबलं.

गोंदावर हवेचा परिणाम होतो, आणि तो आपल्याकडे चांगलाच जाणवतो. या पट्टीचा गोंद दाबाने चिकटतो. दाब मिळाला की तो पसरून पृष्ठभागाला नीट भिडतो, आणि पुढच्या काही तासांत पकड आणखी वाढते. थंडीत गोंद कडक होतो, मग भिडत नाही. डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटेचा पारा दहाच्या खाली जातो. त्या दिवसांत सकाळी लावलेले फ्लॅप दुपारी सुटलेले दिसायचे. जाऊबाईंनी फ्लॅपवरून लाटणं फिरवायला सुरुवात केली आणि प्रश्न मिटला. पिशव्यांचा खोकाही गॅलरीतून आत आणला. हाताने नुसतं थोपटून भागत नाही, पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दाब गेला पाहिजे.

उन्हाळ्यात उलट. मे महिन्यात पारा चाळीसच्या वर, आणि वरच्या पत्र्याच्या खोलीत त्याहून पुष्कळ जास्त. खालच्या खोलीतले गठ्ठे जसेच्या तसे राहिले. वर ठेवलेल्या गठ्ठ्यांमध्ये गोंद मऊ होऊन लायनरच्या कडेने बाहेर आला, आणि वजनाखाली पिशव्या एकमेकींना चिकटल्या. कोरडी कड असलेल्या बाजूला हा त्रास कमी होता, दुसऱ्या बाजूने जास्त. तेव्हा खोके उभे ठेवा, एकावर एक रचू नका, आणि उन्हाळ्यापुरता साठा कमी ठेवा. भाव चांगला मिळतो म्हणून वर्षभराचा माल भरून ठेवण्यात अर्थ नाही, गोंद जुना होत जातो.

पावसाळ्यात कागदी लायनर दमट होऊन वळतो आणि पट्टीवरून आपोआप उचलला जातो. आमच्या पहिल्या मालात कागदी होता. दुसऱ्या वेळी प्लॅस्टिक फिल्मचा घेतला, तो पावसात सपाट राहतो. पण ओला हात किंवा वाफ धरलेली पिशवी, दोन्हींवर गोंद धरत नाही. हे कुठल्याही कंपनीच्या पिशवीला लागू आहे.

आतल्या पिशवीला दोन छोटी भोकं ठेवायला सांगितली होती, साधारण 5 मिलिमीटरची. फ्लॅप दाबताना आतली हवा त्यांतून निघून जाते, नाहीतर पिशवी फुगते आणि गठ्ठ्यात दाब आला की तीच हवा फ्लॅप उघडते. दुसरं असं की पूर्ण बंद पन्नीत ओल कोंडली तर काठाची जर काळी पडू शकते. प्रत्येक पार्सलमध्ये आम्ही चिठ्ठी घालतो: ही पिशवी फक्त प्रवासापुरती आहे, साडी घरी आल्यावर मलमलच्या कापडात गुंडाळून ठेवा. लहान मुलांच्या हाती पिशवी देऊ नका, हेही त्याच चिठ्ठीवर.

बाहेरच्या पिशवीबद्दल मी तेवढी समाधानी नाही.

तिच्या फ्लॅपवर दोन पट्ट्या आहेत आणि दोघींच्या मध्ये टिंबटिंबाची फाडरेषा. टोकाकडची पट्टी आम्ही पाठवताना वापरतो, तिचा गोंद पक्का. गिऱ्हाईकाने फाडरेषेवरून फाडायचं. सुरी-कात्री लागत नाही, म्हणून साडी कापली जायची भीती नाही. परत पाठवायची झाली तर उरलेल्या फ्लॅपवरची, तोंडाजवळची दुसरी पट्टी सोलून तीच पिशवी पुन्हा बंद करता येते. कल्पना उत्तम आहे. रंग बदलून घ्यायला किंवा दुरुस्तीसाठी परत येणाऱ्या साड्या आता त्याच पिशवीत नीट येतात, नाहीतर लोक किराण्याच्या पन्नीला सेलोटेप गुंडाळून पाठवायचे.

पण फाडरेषा नाजूक निघाली. एका साडीला ठीक, दोन-तीन साड्यांच्या पार्सलला वाटेतच ती सुटायला लागली. कारखान्याने काप लहान केले आणि मधली जोडणी वाढवली. मग सुटणं थांबलं, पण वयस्कर बायकांच्या हाताने फाडवेना. काहींनी पुन्हा कात्री घेतली. अजून यात मधला मार्ग सापडलेला नाही. शिवाय त्या बारीक छिद्रांतून पाऊस आत झिरपतो. पाणी फ्लॅपखालून तोंडापर्यंत जाऊ शकतं. आतली पिशवी आहे म्हणून साड्या वाचल्या, पण तिलाही भोकं आहेत, तेव्हा आम्ही भोकं असलेली बाजू कुरिअर बॅगच्या तळाकडे ठेवून भरतो. जाड पार्सलांना आता फाडरेषा नसलेली, 60 मायक्रॉनची साधी बॅग वापरतो.

पक्क्या गोंदाबद्दल एक गोष्ट. तो उष्णतेने ढिला करता येतो, म्हणून महागाचा माल पाठवताना फ्लॅपमध्ये आडवेतिडवे काप असलेली पिशवी घ्या. कोणी उचकटायचा प्रयत्न केला की फ्लॅप फाटतो आणि पार्सल हातात घेतानाच कळतं.

प्लॅस्टिकचं काय, असं इथले लोक विचारतात, आणि विचारायलाच हवं. 2017 पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिला नंबर टिकवलेल्या शहरात आम्ही राहतो, ओला-सुका कचरा वेगळा करायची सवय अंगवळणी पडली आहे. 31 डिसेंबर 2022 पासूनची किमान 120 मायक्रॉन जाडीची अट कॅरीबॅगसाठी आहे. माल आत बंद करून विकायच्या पॅकिंगला ती लागत नाही. तरी नियमात बसतं म्हणून जपून वापरायचं सोडावं असं नाही. आम्ही परत आलेल्या पिशव्या आतल्या भरणीला वापरतो आणि बीओपीपी, एलडीपीई वेगळ्या गठ्ठ्यात देतो. सिलिकॉन लायनरचं मात्र आम्हाला काहीच करता येत नाही, आणि ते मला खुपतं. कागदी कुरिअर बॅगही मागवून बघितली. पट्टी झकास, उघडायला सोपी, पण जुलैत ओली होऊन कोपरे मऊ पडले. उन्हाळ्यात जवळच्या पार्सलांना ती चालेल.

माझ्या नणंदेने मेतकूट आणि भाजणीसाठी याच पिशव्या मागितल्या होत्या. तिला नाही म्हणून सांगितलं. चिकटपट्टी हवाबंद नसते, वास बाहेर येतो, आणि पट्टीवर पीठ उडालं की ती धरतच नाही. खाण्याच्या जिनसांना हीट सीलिंगच करा, म्हणजे पिशवीचं तोंड उष्णतेने वितळवून बंद करा.

पुढच्या ऑर्डरला एवढं बदलायचं ठरवलं आहे: आतल्या पिशवीच्या पट्टीची दोन्ही टोकं बाजूच्या शिवणीपासून जरा आत, कारण शिवणीवर पट्टी गेली की तिथे सुरकुती राहते आणि फ्लॅपचा कोपरा सुटतो. बाहेरच्या बॅगला फाडरेषेऐवजी आत बसवलेली फाडपट्टी मिळते का, ते कारखान्यात विचारलं आहे. नमुना आला की त्याच्यात तीन साड्या भरून पुण्याला पाठवून बघणार आहोत.