'वाढली' लिहू की 'वाढ झाली'?

आयईएलटीएस ॲकॅडेमिक या इंग्रजीच्या परीक्षेत लेखनाचा पहिलाच प्रश्न बहुधा आलेखाचा असतो. २० मिनिटं, किमान १५० शब्द. आकडे सगळ्यांना वाचता येतात. अडतं ते वाक्यावर. बदल क्रियापदाने सांगायचा की नामाने?

जनगणनेचे आकडे घेऊ. देशाच्या लोकसंख्येत शहरी वाटा २००१ साली २७.८ टक्के होता, २०११ साली ३१.२. महाराष्ट्रात तोच ४२.४ वरून ४५.२ वर गेला.

क्रियापदाने: 'द अर्बन शेअर रोझ स्लाइटली, फ्रॉम २७.८ टू ३१.२ पर्सेंट.'
नामाने: 'देअर वॉज अ स्लाइट राइज इन द अर्बन शेअर.'

आपला हात दुसऱ्याकडे वळतो. मराठी बातम्यांत काहीच नुसतं वाढत नाही ना, त्यात 'वाढ होते'! मग 'वाढ झाली'चं थेट इंग्रजी होतं, 'इन्क्रीज वॉज हॅपन्ड', आणि गुण जातात. शिवाय नामाला शब्दयोगी सांभाळावे लागतात: कशात वाढ ते 'इन', किती वाढ ते 'ऑफ'. क्रियापदाला 'बाय' आणि 'टू' पुरतात, आणि ते मराठीतूनच कळतात. '३.४ ने वाढला' म्हणजे बाय, '३१.२ वर गेला' म्हणजे टू. मात्र हे ३.४ 'पर्सेंट' नव्हेत, 'पर्सेंटेज पॉइंट्स' आहेत, म्हणजे दोन टक्केवाऱ्यांची नुसती वजाबाकी. मूळ २७.८ च्या टक्क्यांत मोजली तर ही वाढ सुमारे १२ टक्के भरते. ही चूक इंग्रजी उत्तम असलेलेही करतात.

क्रियापदातही एक खड्डा आहे. 'द शेअर रेज्ड' लिहू नका; 'रेज' करायला उचलणारा कुणीतरी लागतो. आपोआप वर जातं ते 'राइज'.

माझं मत विचाराल तर क्रियापद पोळीभाजीसारखं रोजचं ठेवा. नाम तेव्हाच काढा, जेव्हा त्या वाढीबद्दलच पुढे बोलायचं असेल: 'द राइज वॉज स्मॉलर इन महाराष्ट्र, ॲट २.८ पर्सेंटेज पॉइंट्स.' इथे क्रियापदाने इतकं सुटसुटीत जमत नाही.

तुलनेतही असाच पेच: 'दॅन' की 'ॲज... ॲज'? 'पेक्षा' आलं की दॅन, 'पट' आली की ॲज. २०११ मध्ये महाराष्ट्राचा वाटा देशापेक्षा १४ पॉइंट्स जास्त, म्हणजे 'हायर दॅन'. जवळजवळ दीडपट, म्हणजे 'नियरली वन अँड अ हाफ टाइम्स ॲज हाय ॲज'. 'थ्री टाइम्स मोअर दॅन' टाळलेलं बरं. ते तिप्पट की चौपट, यावर इंग्रजांचंच एकमत नाही. आपली 'तिप्पट' बिचारी सरळ आहे. आणि 'मोअर हायर' कधीच नाही. 'हायर'मध्ये 'जास्त' आधीच आलंय.

आलेखात एकच साल दिलं असेल, तर पहिला पेच उरतच नाही. तिथे काही वाढत नाही की घटत नाही; 'राइज' आणि 'फॉल' दोन्ही बाजूला ठेवा आणि फक्त दॅन-ॲजवर भागवा.