न सांगता येणाऱ्या आजोबांना डिजिटल कुलूप कितपत चालतं?

आमचे आबा, म्हणजे वडिलांचे वडील, येण्याआधी कधीच कळवत नाहीत. कळवलं की कुणीतरी रजा टाकतं, कुणीतरी न्यायला जातं, त्यांच्यासाठी खोली रिकामी होते, आणि हे सगळं त्यांना नको असतं. "तुम्ही रोज जसे राहता तसंच मला तुम्हाला बघायचं असतं," असं त्यांनी मला सांगितलं आहे. त्यांचं असं येणं मला मनापासून आवडतं. अडचण एवढीच, की दिवसा घरी कुणी नसतं आणि दार बंद दिसलं तरी आबा फोन करत नाहीत. पिशवी मांडीवर घेऊन जिन्यात बसून राहतात.

त्यासाठी आम्ही मुख्य दाराला डिजिटल कुलूप बसवलं. बोटाचा ठसा, आकडे, कार्ड आणि साधी किल्ली, चारही प्रकारांनी उघडणारं. मजबुती आणि दिसणं यावर पुष्कळ लोक लिहितात. मी ते एकाच कसोटीवर तपासलं आहे: ऐंशी ओलांडलेला, खिशात साधा फोन असलेला माणूस, आधी कुणाला न विचारता, या दारातून एकट्यानं आत येऊ शकतो का?

ठशानं, नाही. आमची बोटं लागताक्षणी दार उघडतं, आबांचं बोट मात्र ते बहुतेक वेळा नाकारतं. यात त्यांचं काही चुकत नाही. वयाबरोबर बोटांवरच्या रेषा झिजतात, त्वचा कोरडी आणि सैल होते. अशा कुलपांतला सेन्सर रेषेचा उंचवटा आणि शेजारची खाच यांच्यातला विद्युत फरक वाचत असतो, आणि कोरड्या त्वचेत तो फरक नीट उमटत नाही. एकच बोट थोडं थोडं तिरकं ठेवून दोन-तीन वेगळ्या नोंदी केल्या, आणि आधी हाताला क्रीम चोळलं, तर बरा फरक पडतो. पण दारात पोचल्यावर त्यांनी क्रीम शोधत बसायचं का? शिवाय लागोपाठ काही वेळा ठसा चुकला की कुलूप काही मिनिटं स्वतःला बंद करून घेतं आणि कर्कश वाजतं. आपल्याच मुलाच्या दारात म्हाताऱ्या माणसाला चोरासारखं उभं राहावं लागतं, याचा मला अजून राग येतो.

आकड्यांचा प्रकार बरा आहे. पाटीला तळहात लावल्याशिवाय आकडे उजळत नाहीत, हे त्यांना एकदा दाखवावं लागलं. उन्हाची तिरीप पडली की ते फिके दिसतात, तेव्हा दुसऱ्या हाताचा आडोसा धरावा लागतो. एक सोय मात्र फार उपयोगी ठरली. खऱ्या आकड्यांच्या आधी आणि नंतर वाटेल ते आकडे दाबले तरी दार उघडतं, फक्त खरे आकडे मधे सलग यायला हवेत. मागे उभ्या असलेल्या माणसाला कोड कळू नये म्हणून ही योजना आहे. आबांना तिचा फायदा वेगळाच झाला: सुरुवातीला बोट चुकून भलतीकडे पडलं तरी पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, तसंच पुढे दाबत जायचं. त्यांचा कोड म्हणून आम्ही त्यांच्या नोकरीतला हजेरी क्रमांक ठेवला. जन्मसाल कुणीही ओळखेल. हा क्रमांक ते झोपेतही सांगतील, आणि दुसऱ्या कुणाला तो आठवायचं कारण नाही.

ॲपमध्ये पाहुण्यांसाठी एकदाच चालणारा कोड पाठवता येतो. ही सोय आम्ही वापरत नाही. तो कोड मिळायचा तर पाहुण्यानं आधी कळवायला हवं, आणि आबा कळवणार नाहीत. कुलूप बनवणाऱ्यांना घरचा माणूस माहीत आहे आणि बोलावलेला पाहुणा माहीत आहे. हक्कानं, मनाला येईल तेव्हा येणारा आजोबा त्यांनी धरलेलाच नाही.

खरं काम कार्डानं केलं. त्यात सेल नसतो. कुलपातल्या कार्ड वाचणाऱ्या भागाच्या रेडिओ लहरींतूनच, बहुतेक कुलपांत १३.५६ मेगाहर्ट्झच्या, त्याला तेवढ्यापुरती वीज मिळते. चार्जिंग नाही, दाबायला काही नाही, लक्षात ठेवायलाही काही नाही. काही सेंटिमीटरवर धरलं की झालं. आबा ते आधी प्रवासाच्या कार्डाशेजारी पाकिटात ठेवत आणि पाकीटच दाराला लावत. अशी दोन कार्डं एकत्र आली की कुलपाचा गोंधळ होतो. आता ते चष्म्याच्या घरात असतं. कार्ड हरवलं तर तेवढीच नोंद पुसता येते, कुलूप बदलावं लागत नाही. पण त्यावर नाव-पत्ता लिहू नका.

आवाजाबाबत मात्र कंपनीवाल्यांनी विचारच केलेला नाही. दार उघडलं तरी बारीक टीं, नाकारलं तरी बारीक टीं. उतारवयात ऐकू येण्यातला आधी जातो तो हाच उंच पट्टीचा आवाज. सूचना बोलणारी बाई घाईघाईत इंग्रजी बोलते. दार उघडल्याचं आबांना कळेपर्यंत ते काही सेकंदांत पुन्हा बंद झालेलं असतं. दिवा हिरवा झाला की लगेच हँडल खाली करायचं, हे आम्ही त्यांच्याकडून करून घेतलं, तेव्हा जमलं.

आपोआप बंद होण्याची सोय त्याहून त्रासदायक. आबा कचरा ठेवायला बनियनवर बाहेर आले, मागे दार लागलं आणि कार्ड आत राहिलं. शेजारच्या काकूंनी त्यांना बसवून घेतलं. घरात वृद्ध माणूस दिवसभर एकटा असेल तेव्हा ही सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. आमच्यात ती ॲपमधून बंद होते. त्या काकूंकडे आता साधी किल्लीही ठेवली आहे. सेल संपले तर बाहेरून नऊ व्होल्टची बॅटरी टेकवून कुलूप जागं करता येतं, पण आबांनी दारात उभं राहून ते करावं असं मला वाटत नाही. सेल अल्कलाइनच वापरा. चार्ज होणारे निकेलचे सेल दीड व्होल्टऐवजी १.२ व्होल्टचे असतात, त्यामुळे सेल संपत आल्याचा इशारा अवेळी मिळतो.

आता सूचनेबद्दल. कार्ड लागलं की माझ्या फोनवर 'आबा' असं नाव येतं. कामाच्या मधेच ते नाव दिसलं की उरलेला दिवस मी निराळ्याच आनंदात असते. पण मनात टोचत होतं. घरी आल्यावर आमचे चेहरे बघण्यासाठी तर ते न सांगता येतात, आणि मला तासन्‌तास आधीच माहीत! सूचना बंद करावी, तर घरात एकटे असताना त्यांना काही झालं तर कुणाला पत्ताही लागणार नाही. म्हणून मी त्यांना सरळ विचारलं, "आबा, तुम्ही आलात की मला फोनवर कळतं. चालेल का तुम्हाला?" त्यांनी जरा वेळ विचार केला. म्हणाले, "आत आल्यावर कळलं तर हरकत नाही. आधी नको." सूचना आम्ही चालू ठेवली. पण कुणी त्यांना फोन करत नाही, आणि कुणी लवकर निघून येत नाही.

तुम्ही असं कुलूप घेणार असाल तर दुकानात आजी-आजोबांनाच घेऊन जा. ठसा त्यांच्या बोटाचा घेऊन बघा, आवाज त्यांना ऐकवा, हँडल त्यांना फिरवू द्या. सांधे दुखत असतील तर गोल मूठ घेऊ नका. खाली दाबायचं लांब हँडल कोपरानंही उघडतं. आणि किल्लीचं भोक नसलेलं मॉडेल कितीही सुंदर दिसलं तरी ते मी घेणार नाही.