चार घटकांचे दोन गट: चक्रीय आणि क्लाइनचा

गणितात गट म्हणजे अशा क्रियांचा संच, ज्यात दोन क्रिया लागोपाठ केल्या तरी संचातलीच क्रिया मिळते आणि प्रत्येक क्रिया उलटवता येते. चार घटकांचे असे गट रचनेच्या दृष्टीने दोनच. चौरस ०, ९०, १८० आणि २७० अंशांतून फिरवा, की चक्रीय गट तयार. ९० अंशांचं फिरवणं पुन्हा पुन्हा केलं तर बाकीचे सगळे घटक मिळतात, म्हणून ते या गटाचं जनक. त्याची कोटी, म्हणजे ते किती वेळा केल्यावर चौरस मूळ स्थितीत येतो ती संख्या, ४.

आता चौरस नसलेला आयत घ्या. काहीच न करणं (हा अविकारक), १८० अंश फिरवणं आणि दोन मध्य-अक्षांतली परावर्तनं, हा झाला क्लाइनचा गट. इथे कोणतीही क्रिया दोनदा केली की आयत मूळ स्थितीत! प्रत्येक घटक स्वतःचाच व्यस्त (उलट क्रिया) असल्यामुळे एका घटकातून सगळा गट उभा राहत नाही, दोन लागतात.

दोन्ही गट क्रमनिरपेक्ष आहेत (क्रियांचा क्रम बदलला तरी उत्तर तेच), त्यामुळे तो गुण तपासून फरक कळत नाही. घटकांच्या कोटी पाहायच्या. दोन घटकांचे उपगट (गटातलेच छोटे गट) चक्रीय गटात एक, क्लाइनच्या गटात तीन.

सुरुवातीला चक्रीय गट सोपा जातो हे खरं. पण मला क्लाइनचा गट जास्त मोलाचा वाटतो. चार वस्तूंच्या २४ क्रमचयांच्या (क्रम बदलण्याच्या रीतींच्या) गटात तो प्रसामान्य उपगट (ज्याने मोठ्या गटाला भागून नवा गट मिळतो असा) म्हणून बसतो, आणि त्याच्याच आधारे चतुर्घाती समीकरण त्रिघाती समीकरणावर आणता येतं.