रस्टमधला काऊ-स्टर, केळीचा अख्खा सीझन वापरल्यावर

रस्ट ही प्रोग्रामिंग भाषा अजिबात येत नसेल तर हा रिव्ह्यू बाउन्सर जाईल, आधीच सांगतो. काऊ-स्टर (Cow<str>) म्हणजे गरज पडली तरच मजकुराची कॉपी करणारा त्यातला एक टाइप. आमचं काम काय, तर रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या वजनकाट्यांवर एकेक रास्पबेरी पाय (छोटासा कॉम्प्युटर) ठेवलाय, काट्याचा डिस्प्ले सिरीयल पोर्टवर वजनाच्या ओळी फेकत असतो, आमचा प्रोग्राम त्या वाचतो, गाडी-गाव-शेतकरी जोडतो आणि जळगावला पाठवतो. प्रोग्राम छोटाच, पण बसलाय पत्र्याच्या केबिनमध्ये, आणि मे महिन्यात आपल्याकडे ४५ डिग्री म्हणजे काही बातमी नसते. पायचा प्रोसेसर ८० च्या आसपास तापला की स्वतःहून स्पीड पाडतो, त्यामुळे उगाच होणारं काम जेवढं कमी तेवढं बरं, एवढाच हेतू.

हीपट्रॅक, म्हणजे प्रोग्राम कुठे किती मेमरी घेतो ते मोजणारं टूल, लावून बघितलं. त्यात टेम्पररी अॅलोकेशन असा एक आकडा दिसतो, म्हणजे मेमरी घेतली आणि मधे दुसरं काही न घेता लगेच सोडून दिली, असली प्रकरणं किती. आमच्याकडे नेमका तोच फुगलेला. जिथे बघाल तिथे टू-स्ट्रिंग, क्लोन, फॉरमॅट, म्हणजे मजकुराच्या कॉप्याच कॉप्या. टीममध्ये धुळ्याचा एकजण आहे, त्याचं तत्त्वज्ञानच आहे की "भो, बॉरो चेकर ओरडला का क्लोन मार न मोकळा हो." (बॉरो चेकर म्हणजे कुठला डेटा कोणाच्या मालकीचा आणि कोण उसना वापरतो ते तपासणारा कंपाइलरचा भाग.) आणि प्रोग्राम बरोबरच चालतो हो तसा, त्याला खोटं पण पाडता येत नाही.

तर काऊ. हा एक एनम आहे, म्हणजे ठरलेल्या प्रकारांपैकी कुठलातरी एकच असणारा टाइप, आत दोनच प्रकार, बॉरोड (उसना) आणि ओन्ड (मालकीचा). मजकुरात बदल करायची गरज नसली तर मूळ बफरकडे फक्त बोट दाखवायचं, गरज पडली तरच नवी स्ट्रिंग बनवायची, आणि फंक्शन वापरणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. आमच्याकडे याचा सगळ्यात जास्त फायदा झाला आकड्यांच्या सफाईत. काही काट्यांवर मुनीम गाडी नंबर मराठी आकड्यांत टाकतात, १२३४ असा, आणि सर्व्हरला इंग्रजी आकडे लागतात, 1234 असे. आधी प्रत्येक ओळीवर रिप्लेस चालायचं, आणि रिप्लेसची गंमत अशी की शोधलेलं अक्षर सापडलं नाही तरी ते नवी स्ट्रिंगच परत देतं, त्यात दहा आकडे म्हणजे एकापाठोपाठ दहा रिप्लेस, म्हणजे एका ओळीला दहा कॉप्या, त्यातही बहुतेक ओळींमध्ये मराठी आकडा औषधालाही नाही! आता आधी नुसतं बघतो की U+0966 ते U+096F (युनिकोडमधले मराठी ० ते ९) मधलं काही आहे का, नसेल तर बॉरोड देऊन मोकळं, असेल तर एकदाच नवी स्ट्रिंग. रेजेक्स क्रेटचं (क्रेट म्हणजे रस्टची लायब्ररी, ही पॅटर्न शोधणारी) रिप्लेस-ऑल आधीपासून असंच काऊ परत देतं, पण एवढ्याशा कामाला रेजेक्स कशाला ओढायचं.

दुसरी जागा म्हणजे ओळ वाचणं. लाइन्स हा इटरेटर (एकेक ओळ देत जाणारा) दिसायला गोड आहे पण प्रत्येक ओळीला वेगळी स्ट्रिंग देतो. त्याऐवजी एकच बाइट बफर, रीड-अनटिल, काम झालं की क्लिअर. क्लिअरने लांबी शून्य होते पण घेतलेली जागा तशीच राहते, पुढच्या ओळीला परत मेमरी मागावी लागत नाही. क्लिअर विसरलात तर नवी ओळ जुनीच्या मागे चिकटते, हे डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलं आहे. रीड-लाइन का नाही, तर सिरीयलवर कधीमधी कचरा बाइट येतो आणि यूटीएफ-८ (मजकूर बाइटमध्ये लिहायची पद्धत) बिघडलं की ते सरळ एरर देतं. फ्रॉम-यूटीएफ-८-लॉसी मात्र बिघडलेल्या बाइटच्या जागी बदली चिन्ह टाकतं आणि काऊ देतं, ओळ नीट असेल तर कॉपीच नाही. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधल्या फाइलींना मात्र याचा काही उपयोग नाही, तिथे लॉसी म्हणजे चौकटींची रांगोळी, त्यासाठी वेगळा कन्व्हर्टरच लागतो.

जेसनचं (JSON, डेटा पाठवायचा मजकुरी फॉरमॅट) प्रकरण जरा नीट समजून घ्या. सर्डे हे डेटा वाचायचं-लिहायचं क्रेट वापरून स्ट्रक्टमध्ये (फील्डांचा गट) थेट स्टर स्लाइस, म्हणजे मूळ मजकुराकडे दाखवलेलं बोट, ठेवला की वाटतं काम झालं, कॉपीच नाही. पण पायथनचं जेसन-डम्प्स डिफॉल्टला देवनागरी अक्षरं सगळी बॅकस्लॅश-यू (र चं \u0930 असं) करून पाठवतं, पीएचपीचं पण तेच. आता इनपुटमध्ये 'रावेर' हे 'रावेर' म्हणून नाहीच, मग बोट दाखवणार कशाकडे? सर्डे एरर देतं की बॉरोड स्ट्रिंग पाहिजे होती. म्हणजे इंग्रजी नावांवर टेस्ट पास आणि गावाचं नाव मराठीत आलं की खलास. इथे काऊच पाहिजे, आणि त्या फील्डवर सर्डेचा बॉरो अॅट्रिब्यूट लिहायचा, तो नसेल तर काऊ असूनही प्रत्येक वेळी ओन्डच बनतं, चुपचाप, कसली वॉर्निंग नाही की काही नाही.

आता तक्रारी. लाइफटाइम, म्हणजे उसना डेटा कुठपर्यंत वैध आहे याची कोडमधली खूण. एका स्ट्रक्टमध्ये काऊ टाकला की त्याला लाइफटाइम लागतो, मग ते स्ट्रक्ट ज्याच्यात आहे त्याला लागतो, मग फंक्शनला, मग ट्रेटला, गाजरगवतासारखं पसरत जातं आणि थ्रेडला (समांतर चालणाऱ्या कामाला) डेटा द्यायची वेळ आली की सगळं अडकतं. त्यामुळे आमच्याकडे आता सरळ नियम आहे, काऊ फक्त पार्सिंगच्या तोंडाशी, जे रेकॉर्ड पुढे टिकणार ते इन्टू-ओन्ड करून (मालकीचं बनवून) ठेवायचं. सी-प्लस-प्लसवाले म्हणतील आमच्याकडे २०१७ च्या स्टँडर्डपासून स्ट्रिंग-व्ह्यू आहे, आहे की, पण तो मूळ स्ट्रिंग मेल्यावर पण खुशाल तिकडेच बघत राहतो. इथे निदान कंपाइलर तिथल्या तिथे अडवतो.

दुसरी तक्रार अशी की स्पीडच्या गप्पा जरा जास्तच मारल्या जातात. ग्लिबसीमध्ये (लिनक्सवरची सी लायब्ररी) २०१७ च्या २.२६ पासून प्रत्येक थ्रेडला स्वतःचा कॅश आहे, छोटं मॅलॉक (मेमरी मागणं) तसं स्वस्तच पडतं. दर ओळीला दहा वाचवले तर फरक दिसतो, कॉन्फिग फाइल वाचताना एक वाचवून काय होणार? हीपट्रॅक न लावता काऊ घुसवणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार.

छोट्या स्ट्रिंग हीपवर (वेगळ्या मागून घेतलेल्या मेमरीत) न ठेवता व्हेरिएबलच्या आतच ठेवणारे क्रेट पण वापरून बघितले, कारण रस्टच्या स्ट्रिंगमध्ये ती सोय नाही. पण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रा धरून, हे हिशेबात घ्या. जळगाव १५ बाइट, भुसावळ १८, नंदुरबार बरोबर २४, मुक्ताईनगर ३०. ६४-बिटवर कॉम्पॅक्ट-स्टर २४ पर्यंत आत ठेवतं, स्मोल-स्टर (smol_str) २३ पर्यंत, म्हणजे नंदुरबार एकात मावतं आणि दुसऱ्यात एका बाइटने बाहेर, मुक्ताईनगर तर दोन्हीकडे हीपवर. सी-प्लस-प्लसच्या libstdc++ या लायब्ररीमध्ये हद्द १५ ची, तिथे जळगाव काठोकाठ बसतं आणि भुसावळ बाहेर. इंग्रजी ब्लॉगमधले बेंचमार्क आपल्या डेटाला तसेच्या तसे लागू होत नाहीत ते यामुळेच.

गावांच्या नावांना शेवटी काऊ पण नाही आणि हे क्रेट पण नाहीत. नावं मोजकीच, तीच तीच परत येतात, म्हणून प्रत्येक नाव एकदाच आर्क-स्टरमध्ये (वाटून वापरायची, काउंटर असलेली स्ट्रिंग) ठेवलं, क्लोन केलं तर फक्त काउंटर एकने वाढतो, रेकॉर्डमध्ये स्ट्रिंगच्या २४ ऐवजी १६ बाइट लागतात, लाइफटाइम नाही आणि थ्रेडची कटकट नाही. हॅशमॅपमध्ये (नावावरून नोंद शोधायचा तक्ता) नाव शोधताना मात्र एंट्री लावू नका, तिला मालकीची की (key) लागते, म्हणजे नाव आधीपासून असलं तरी दरवेळी कॉपी. आधी स्लाइस देऊन गेट करायचं, नाही सापडलं तरच इन्सर्ट. आमच्या धुळेकर भाऊंना पण हे पटलं, कारण यात क्लोन मारता येतो.